पाऊस पडला की काय करायचं? कामांच्या यादीचं शास्त्र आणि सॉफ्टवेअर

मे महिना सरत आला की वाशिम जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या डोक्यात एकाच वेळी पंधरा-वीस कामं घोळत असतात. वखरणीची शेवटची पाळी बाकी आहे. घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची आहे. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत चक्कर मारायची आहे. पेरणीसाठी ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवायचं आहे, पोरीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा आहे, मागच्या वर्षी फुटलेला फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकायचा आहे. यांतलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते ही सगळी कामं एकाच डोक्यात ठेवणं आणि त्यातलं नेमकं काम नेमक्या वेळी आठवणं.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. इथली बहुतांश शेती पावसावर चालते. खरिपात सोयाबीन हे मुख्य पीक आणि जोडीला तूर. पुरेसा पाऊस झाला की गावच्या गाव एकदम पेरणीला लागतं. त्या चार-आठ दिवसांत मजूर मिळत नाही, ट्रॅक्टर मिळत नाही, कृषी केंद्रासमोर रांग लागते. आधी राहून गेलेलं काम त्या धांदलीत होत नाही.

कामं लक्षात ठेवण्याच्या या जुन्या अडचणीवर गेल्या वीस वर्षांत सॉफ्टवेअरची एक मोठी शाखा उभी राहिली आहे. गूगल टास्क्स, गूगल कीप, मायक्रोसॉफ्ट टू डू, टूडूइस्ट, टिकटिक, ट्रेलो अशी तिची अनेक नावं. यांतल्या बहुतेकांची साधी आवृत्ती फुकट आहे आणि ती साध्या स्मार्टफोनवरही चालते. पण ही ॲप ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातलं टेबल होतं, ईमेल होती, सोमवार ते शुक्रवारचा आठवडा होता. रिसोड तालुक्यातल्या सोयाबीनवाल्याला किंवा मालेगाव तालुक्यातल्या आशाताईला त्यांचा काही उपयोग आहे का? उपयोग नक्की आहे. मात्र त्यासाठी कामांची यादी माणसाला मदत कशी करते आणि कुठे दगा देते, हे आधी समजून घ्यायला हवं.

‘सोयाबीनची पेरणी’ ही ओळ का अडते

यादी लिहायला बसलं की पहिली ओळ बहुधा अशी येते: ‘सोयाबीनची पेरणी’. ही ओळ पंधरा दिवस यादीत तशीच राहते. रोज दिसते, रोज टोचते, पण ती वाचून उठून नेमकं काय करायचं हे कळत नाही. कारण पेरणी हे एक काम नाही, ती दहा-बारा कामांची मालिका आहे. अमेरिकी सल्लागार डेव्हिड ॲलन यांनी २००१ मध्ये ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक लिहिलं. आजच्या बहुतेक ॲपवर या पुस्तकाची छाप आहे. त्यातली सगळ्यात उपयोगी सूचना साधी आहे: प्रत्येक मोठ्या कामासमोर ‘पुढची कृती’ लिहा, आणि ती हातांनी करता येईल अशी असू द्या.

सोयाबीनच्या बाबतीत अशी पहिली कृती म्हणजे उगवणशक्तीची चाचणी. कृषी विभाग दरवर्षी तिची पद्धत सांगतो. वर्तमानपत्राचा एक कागद घ्यायचा, त्याला चार घड्या घालायच्या आणि तो पाण्यात भिजवायचा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे काढायचे आणि चांगले-वाईट न निवडता १०० दाणे मोजायचे. ओल्या कागदावर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने दहा दाणे एका ओळीत मांडायचे आणि कागदाची गुंडाळी करायची. अशा दहा गुंडाळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्यायच्या. चार दिवसांनी त्या उघडून नीट कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. थोडे कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं आणि फारच कमी उगवले तर ते बियाणं बाजूला ठेवायचं.

आज घातलेल्या गुंडाळ्यांचं उत्तर चार दिवसांनी मिळतं. बियाणं विकत घ्यायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं. बियाण्याचे पैसे लागणार की नाही, हे त्यानंतर कळतं. म्हणजे या एका कृतीमागे तीन कामं रांगेत उभी आहेत. ती आभाळ भरून आल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो. पुढच्या बीजप्रक्रियेतही क्रम ठरलेला आहे. आधी बुरशीनाशक, लागत असेल तर मग कीटकनाशक, आणि रायझोबियम, पीएसबी ही जिवाणू संवर्धकं सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर लावून बियाणं सावलीत सुकवायचं.

ॲपमधल्या ‘उपकाम’ किंवा ‘सबटास्क’ या सोयीचा खरा उपयोग इथे आहे. ‘सोयाबीन’ नावाखाली ‘उगवण चाचणीच्या गुंडाळ्या घालणे’, ‘कोंब मोजणे’, ‘बियाणं किती लागेल ते काढणे’, ‘बुरशीनाशक आणणे’, ‘जिवाणू संवर्धक आणणे’, ‘ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे’ अशा ओळी लिहिल्या की घाबरवणारं काम सुटं होतं. प्रत्येक ओळीत क्रियापद आहे. पहिल्या ओळीला आजची तारीख आहे, दुसरीला चार दिवसांनंतरची. बाकीच्यांना अजून तारखेची गरज नाही.

डोकं कुठे कमी पडतं

अर्धवट राहिलेलं काम मनात घर करून बसतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मधेच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असं त्यांना दिसलं. पुढच्या काळात हा प्रयोग काही ठिकाणी जुळला, काही ठिकाणी जुळला नाही. पण २०११ मध्ये ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याला एक महत्त्वाची जोड दिली. अपुऱ्या कामाची टोचणी थांबायला काम पूर्णच व्हावं लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी मन ते काम सोडून समोरच्या गोष्टीकडे वळतं, असं त्यांना आढळलं. यादी लिहिल्यावर रात्री झोप नीट लागते असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत.

दुसरं संशोधन विदर्भातल्या कोरडवाहू शेतीला जास्तच लागू पडतं. गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये पुढची कामं आठवण्याचे दोन प्रकार वेगळे केले. काही कामं वेळेला बांधलेली असतात: पाच तारखेला हप्ता भरायचा. काही कामं घटनेला बांधलेली असतात: अमुक माणूस भेटला की निरोप द्यायचा. फोनचा गजर पहिल्या प्रकारात हुशार आहे. दुसऱ्या प्रकारात तो काही कामाचा नाही.

आणि शेतीतली मोठी कामं दुसऱ्या प्रकारची आहेत. सोयाबीनची पेरणी १५ जूनला करायची नसते. ती ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर करायची असते. तो पाऊस १२ जूनला होईल, २८ जूनला होईल, एखाद्या वर्षी जुलै उजाडेल. ॲपमध्ये तारखेचा रकाना आहे, पावसाचा नाही. म्हणून अनेक जण अंदाजे तारीख टाकतात. ती तारीख उलटते, ओळ लाल होते, आठवडाभरात सगळी यादी लाल दिसायला लागते आणि माणूस ॲप उघडायचंच सोडतो.

त्यावरचा इलाज सोपा आहे. तारखेविना एक वेगळी यादी करायची आणि तिला नाव द्यायचं ‘पाऊस पडला की’. पाऊस पडल्यावर करायची सगळी कामं क्रमाने तिच्यात लिहायची: पर्जन्यमापकाचा आकडा बघणे, ट्रॅक्टरवाल्याला फोन, बियाण्याला जिवाणू संवर्धक लावणे, पेरणीयंत्राची खोली तीन-चार सेंटिमीटरवर आहे का ते पाहणे. पहिला जोराचा पाऊस झाला की ती उघडायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये नेमकी हीच रीत मांडली होती. ‘मी हे करणार’ असं ठरवण्यापेक्षा ‘असं घडलं की मी हे करणार’ असं ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.

अशाच घटना-याद्या जागेच्या होतात. ‘वाशिमला गेल्यावर’, ‘बँकेत’, ‘वावरात’. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे त्याचं चांगलं उदाहरण. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची, पण पिकाचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. घरी ओसरीवर बसून आठवलं तर त्याचा उपयोग नाही. ‘वावरात’ या यादीत ती ओळ असेल तर डवरणी बघायला गेलेला माणूस ते काम उरकूनच परत येतो.

हातातल्या यादीचा प्रवास

कामांची यादी फोनमध्ये शिरायला फार वर्षं झालेली नाहीत. २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोंदी आणि कामं साध्या मजकुराच्या फाइलीत सांभाळता यावीत म्हणून ‘ऑर्ग-मोड’ लिहिलं. संगणकातले जाणकार ते आजही वापरतात. २००५ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘रिमेंबर द मिल्क’ ही सेवा इंटरनेटवर आणली. २००६ मध्ये जीना ट्रपानी यांनी ‘टूडू डॉट टीएक्सटी’ ही पद्धत मांडली: एक साधी फाइल, प्रत्येक ओळीत एक काम. २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये शिकणाऱ्या अमीर सालिहेफेंदिच याने आपली स्वतःची कामं आवरण्यासाठी ‘टूडूइस्ट’ लिहिलं. हे सगळे लोक आधी स्वतःसाठी साधन बनवत होते आणि नंतर ते जगाच्या उपयोगी पडलं.

‘ट्रेलो’ २०११ मध्ये आलं. त्यात कामाची चिठ्ठी ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ अशा उभ्या रकान्यांतून पुढे सरकवता येते. ही कल्पना जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यातून आली. तिथे ताइइची ओनो यांनी ‘कानबान’ नावाच्या चिठ्ठ्यांची पद्धत रुजवली होती. २०१७ मध्ये ॲटलासियन या कंपनीने ४२ कोटी ५० लाख डॉलरना ट्रेलो विकत घेतलं. कामांच्या यादीला एवढं मोल येईल, असं वीस वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर विश्वास बसला नसता.

याच इतिहासात एक इशाराही आहे. बर्लिनमध्ये तयार झालेलं ‘वंडरलिस्ट’ २०१० नंतर फार लोकप्रिय झालं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’मध्ये हलवाव्या लागल्या. ‘ॲस्ट्रिड’ नावाचं अँड्रॉइडवरचं ॲप २०१३ मध्ये याहूने घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. ॲस्ट्रिडचा कोड मात्र मुक्त होता, म्हणून त्यातून ‘टास्क्स डॉट ऑर्ग’ हे नवं ॲप उभं राहिलं. ते आजही खातं न उघडता, इंटरनेटविना, फोनच्या फोनवर चालतं. ॲप निवडताना त्यातली यादी बाहेर काढता येते का, हे पहिल्याच दिवशी बघायला हवं ते यासाठी.

दिवस कुठून मोजायचे

कागदाची वही बऱ्याच बाबतींत सॉफ्टवेअरइतकीच चांगली आहे. ती चार्ज करावी लागत नाही आणि बंदही पडत नाही. पण एका गोष्टीत सॉफ्टवेअर वहीच्या फार पुढे आहे, ती म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी आणि एकमेकांपासून मोजली जाणारी कामं.

गावातल्या आशाताईचं काम बघितलं की हे लगेच कळतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नवजात बाळाच्या घरी तिला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही भेट धरायची. या घरभेटींचं मूळ विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे २०११ मध्ये ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली.

आता एका महिन्यात गावात चार बाळंतपणं झाली तर आशाताईला २४ भेटी वेगवेगळ्या तारखांना आठवायच्या आहेत. शिवाय ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशी आहेतच. आरोग्य खात्यात यासाठी ‘ड्यू लिस्ट’ असते. कुठल्या बाळाला, कुठल्या गरोदर मातेला या वेळी काय द्यायचं बाकी आहे, त्याची ती यादी. पूर्वी आरोग्यसेविका ती रजिस्टरवरून हाताने काढायच्या. आता आरसीएच (प्रजनन व बालआरोग्य) पोर्टलवरच्या नोंदींतून ती तयार होते. जन्माची एक तारीख भरली की पुढच्या सगळ्या तारखा आपोआप मांडल्या जातात. खासगी कामांच्या ॲपमध्ये जे चांगलं आहे ते सरकारी आरोग्यव्यवस्थेने आपल्या गरजेतून असं उभं केलं आहे.

शेतकऱ्यालाही हेच गणित लागतं, फक्त त्याची शून्याची तारीख पेरणीची असते. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पहिली डवरणी आणि निंदण, तीस-पस्तीस दिवसांनी दुसरी. पेरणीच्या दिवशीच या दोन तारखा टाकून ठेवल्या तर तण डोक्यावर जाईपर्यंत थांबावं लागत नाही.

इथे ॲपमधली एक बारीक सोय माहीत असावी. पुन्हा येणारं काम दोन प्रकारे मोजता येतं. विजेचं बिल ठरलेल्या तारखेलाच येतं, तुम्ही मागचं कधी भरलं याच्याशी त्याचा संबंध नाही. पण म्हशीला जंताचं औषध मागचं दिल्यापासून मोजून द्यायचं असतं. मागचं पंधरा दिवस उशिरा दिलं, तर पुढचंही तेवढंच पुढे जायला हवं. टूडूइस्टमध्ये ‘एव्हरी’ या इंग्रजी शब्दापुढे उद्गारचिन्ह टाकलं की काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजणी होते. ऑर्ग-मोडमध्येही त्यासाठी वेगळी खूण आहे. ज्या ॲपमध्ये हा फरक करता येत नाही तिथे काम पूर्ण झाल्यावर पुढची तारीख हाताने टाकावी, हेच बरं.

यवतमाळच्या मुळाचा एक डॉक्टर

वाशिमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात उटी हे गाव आहे. मूळ तिथले आणि पुढे अमेरिकेत गेलेले शल्यविशारद आत्माराम गवांडे यांचे चिरंजीव म्हणजे डॉ. अतुल गवांडे. यादीने माणसांचे जीव वाचू शकतात हे जगाला पटवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी तयार केली. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर जाण्याआधी तीनदा थांबून ती मोठ्याने वाचायची. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची बाजू बरोबर आहे ना, प्रतिजैविक दिलं ना, कापूस-सुया मोजल्या ना, असे साधे प्रश्न त्यात आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ही यादी १०१ रुग्णालयांत लागू केली गेली आणि २०१४ मध्ये तिथला अहवाल आला. मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. यादी तीच होती. ती कशी वापरली गेली, तिच्यामुळे माणसं खरोखर थांबून एकमेकांशी बोलली का, यावर निकाल अवलंबून असतो, अशी चर्चा त्यानंतर झाली. नुसत्या खुणा करण्यासाठी भरलेली यादी आणि काम करताना वाचलेली यादी या वेगळ्या गोष्टी आहेत. फोनमधल्या यादीलाही हेच लागू आहे.

यादी नियमित बघण्याचं महत्त्व वाशिमने जिल्हा म्हणूनही अनुभवलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातून वाशिम, नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे चार जिल्हे निवडले गेले. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, आर्थिक समावेशन व कौशल्य आणि पायाभूत सुविधा या पाच क्षेत्रांतले ४९ निर्देशक ठरवले गेले. जिल्ह्याची प्रगती त्या निर्देशकांवर दर महिन्याला मोजली जाऊ लागली. कामं ठरवणाऱ्या योजना आधीही होत्या. ठरलेल्या कामांकडे दर महिन्याला परत बघायचं, ही यातली नवी गोष्ट.

यादी कशी मरते

बहुतेकांची फोनमधली यादी पंधरा दिवसांत बंद पडते. त्याची कारणं फार वेगळी नसतात.

पहिलं कारण म्हणजे वेळेचा चुकीचा अंदाज. कॅनडातल्या रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज आला ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या सवयीवर बोट ठेवलं होतं. माणूस अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो. तहसीलमध्ये साहेब जागेवर नसणं, सर्व्हर डाऊन असणं, एसटी चुकणं हे त्या अंदाजात येत नाही. म्हणून एका दिवसाच्या यादीत बारा कामं लिहिली जातात आणि संध्याकाळी आठ उरतात. चार-पाच कामांचीच यादी केली आणि ती पूर्ण झाली, तर दुसऱ्या दिवशी ॲप उघडावंसं वाटतं.

दुसरं कारण म्हणजे सगळंच तातडीचं वाटणं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात तातडीची कामं आणि महत्त्वाची कामं यांतला फरक सांगितला होता. पुढे १९८९ मध्ये स्टीफन कोवी यांच्या पुस्तकाने तो चौकोनांच्या तक्त्यात घराघरांत पोचवला. मे महिन्यात उगवण चाचणी तातडीची नसते, महत्त्वाची असते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती तातडीची होते, पण तोवर तिचा बराचसा उपयोग निघून गेलेला असतो.

तिसरं कारण भाषेचं आहे. ॲपच्या जाहिराती म्हणतात की ‘उद्या सकाळी नऊ’ असं लिहा, तारीख आम्ही ओळखू. ही सोय बहुतेक ठिकाणी इंग्रजीत आणि काही परदेशी भाषांत आहे. मराठीत ‘परवा सकाळी’ लिहिलं तर बहुतेक ॲपना ते कळत नाही, तारीख बोटाने निवडावी लागते. कामाची ओळ मात्र मराठीत सहज लिहिता येते. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आणली. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून ‘रविवारी फवारणीच्या पंपाचं नोझल आणायचं’ असं म्हटलं की ओळ उमटते. हात चिखलात असताना हे फार कामाचं आहे. पुण्या-मुंबईत आणि बाहेरदेशी सॉफ्टवेअर लिहिणारे मराठी तरुण कमी नाहीत. मराठी तारखा, ‘अमुक दिवसांनी’, ‘बाजाराच्या दिवशी’ हे ओळखणारी सोय त्यांनी मुक्त कोडच्या एखाद्या ॲपमध्ये घातली, तर लाखो लोकांचं काम हलकं होईल.

सुरुवात करायची असेल तर

एकच ॲप घ्यावं. फोनमध्ये आधीपासून असलेलं गूगल टास्क्स किंवा कीप चालेल. घरातल्या दुसऱ्या माणसाबरोबर यादी वाटून घ्यायची असेल तर गूगल कीप किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू बरं. खातं उघडायचं नसेल तर टास्क्स डॉट ऑर्ग.

याद्या चारच कराव्यात: ‘आज’, ‘पाऊस पडला की’, ‘वाशिमला गेल्यावर’ आणि ‘वाट पाहतोय’. शेवटच्या यादीत दुसऱ्याच्या हातात अडकलेली कामं लिहायची, कुणाकडे आहे आणि कधी विचारायचं ते धरून. दुरुस्तीला टाकलेला पंप, अर्ज दिलेला दाखला, उसने दिलेले पैसे. तालुक्याचं गाव वेगळं असेल तर नाव बदलावं. तारीख फक्त तिथेच टाकावी जिथे ती खरोखर आहे: हप्ता, लस, परीक्षेचा अर्ज, नोंदणीची शेवटची मुदत.

आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या वाचून काढाव्यात. गावोगावी आठवडी बाजार असतो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हे केलं तर दुसऱ्या दिवशी आणायच्या वस्तूही त्यातूनच निघतात. जे काम आता करायचं नाही हे नक्की झालं, ते काढून टाकावं.

आणि एक काळजी. आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड, पिन अशा ॲपमध्ये लिहू नये. आशाताई किंवा आरोग्यसेविका आपल्या सोयीसाठी खासगी ॲप वापरत असतील तर त्यात बाळाचं, मातेचं नाव किंवा आजार लिहू नये. त्या नोंदींची जागा सरकारी रजिस्टर आणि पोर्टल हीच आहे.

येत्या हंगामाची तयारी करणाऱ्या प्रत्येक घराने मेच्या शेवटच्या आठवड्यात अर्धा तास काढावा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने फोन हातात घ्यावा, आईवडिलांना विचारत विचारत ‘पाऊस पडला की’ ही यादी भरावी आणि ती त्यांच्याही फोनवर वाटावी. ‘आज’ या यादीतली पहिली ओळ मात्र उगवण चाचणीची असावी. वर्तमानपत्राचा कागद, पाणी आणि शंभर दाणे एवढंच तिला लागतं. ती त्याच दिवशी सुरू करता येते.